वाचून दाखवल्याचा शिक्का

वाचक,

तुमच्या कचेरीतून परवा फोन आला. तुम्ही एकतीस तारखेला निवृत्त होताय, निरोपाच्या पुस्तिकेत इंग्रजीच्या बाईंचेही चार शब्द हवेत, अर्धं पान पुरे, जमल्यास इंग्रजीत. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. अर्धं पान लिहिलंही. मनमिळाऊ, कार्यतत्पर, हसतमुख. मग वाचून पाहिलं आणि फाडून टाकलं. तुम्ही हसतमुख कधी होतात हो? मला तर तुमचे दात कसे आहेत तेही ठाऊक नाही. म्हणून हे दुसरं लिहायला बसले. हे पुस्तिकेत जाणार नाही, आणि तुम्हाला पाठवीनच असंही नाही. 'तुम्ही तुम्ही' करत लिहिलं की प्रत्येक वाक्याला तुमची परवानगी मागितल्यासारखं होतं आणि माझं घोडं अडतं. तेव्हा इथून पुढे तुम्ही 'ते'.

नोंदणी कचेरीत लोक दस्त घेऊन येतात. घर विकल्याचा, वाटणीचा, भाड्याचा, हक्क सोडल्याचा. दस्त वकील लिहितो, सही पक्षकार करतो, नोंद साहेब करतात. या सगळ्याच्या मध्ये एक माणूस लागतो. सही करायच्या आधी अख्खा दस्त पक्षकाराला मोठ्यानं वाचून दाखवणारा. त्या जागेचं नावच वाचक. सव्वीस वर्षं ते त्या जागेवर उभे राहिले, तेव्हा त्यांचं स्वतःचं नाव कुणाला आठवण्याचं कारण उरलं नाही. बायको होती तोवर भाजीवाला तिलाही 'वाचकीणबाई' म्हणायचा. मग ती गेली आणि ते एकटेच वाचक उरले.

त्यांचं डेस्क खिडकीपाशी. उतरत्या फळीचं, जुनं. फळीच्या कडेला वाटीत ओला स्पंज, पानं उलटायला. ते बसून कधी वाचत नसत. उभं राहिलं की आवाज पोटातून येतो म्हणत, आणि आवाज होताही तसाच, शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यापर्यंत पोचणारा. एक वाक्य वाचायचं, पूर्णविरामाला थांबायचं, चष्म्यावरून पक्षकाराकडे बघायचं. पक्षकारानं 'बरोबर' म्हणायचं. मगच पुढचं वाक्य.

नियमात हे कुठंही नव्हतं. ही त्यांनी स्वतः पाडलेली पद्धत. कुणी नुसतं 'हं' केलं तर ते पुढं सरकत नसत.

"हं नको."

"अहो, हं म्हणजे बरोबरच की."

"हं तर म्हैसही करते. बरोबर म्हणा."

मग बाकांवरचे लोक हसायचे आणि पक्षकार ओशाळून 'बरोबर' म्हणायचा. दस्ताला पाऊण तास लागायचा. वकील घड्याळं बघत चरफडायचे. पण वर्षाकाठी दहा-बारा वेळा तरी असं व्हायचं की पक्षकार एखाद्या वाक्याला गप्प राही आणि मग म्हणे, "नाही." एका बाईनं दुकान विकायला काढलं होतं. तिसऱ्या पानावर 'मागील विहिरीसह' असं आलं तशी ती म्हणाली, "विहीर कुठं दिली मी?" दस्त परत गेला. वकिलाचं तोंड आठवडाभर उतरलेलं. वकील मंडळींनी वाचकांना नाव ठेवलं होतं, 'दाताखालचा खडा'. वाचकांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे." यापलीकडे त्यांचं मत कधी कुणाला कळलं नाही.

इतक्या वर्षांत गावात असं घर उरलं नसेल की ज्यातलं कुणी त्या डेस्कपुढं उभं राहून आलं नाही. वाचक थांबले की बरोबर म्हणायचं, हे लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं की बाप मुलाला आधीच घरी बजावून आणायचा.

मग इंग्रजी आली. म्हणजे इंग्रजी होतीच, दारावरच्या पाट्यांवर, औषधांच्या बाटल्यांवर. आता ती एकटीच राहिली. देशात भाषा अनेक, प्रत्येकीचे छापखाने वेगळे, प्रत्येकीचे भांडखोर पुढारी वेगळे. संसदेत दोन दिवस आरडाओरडा झाला आणि तिसऱ्या दिवशी कायदा झाला की राजभाषा एकच, इंग्रजी. न्यायालय, कचेरी, दस्त, नोटीस, पावती, सगळं तिच्यातच. ती कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांना सारखी, असं पंतप्रधानांनी रेडिओवर सांगितलं. मला ते पटलं होतं. पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून मी जेवले, मला न पटायला काय झालं!

कचेरीतलं पहिलं परिपत्रक इंग्रजीतच आलं आणि फळ्यावर लागलं. शिपायानं तारीख ओळखली, खालची सही ओळखली, आणि जाहीर केलं, "शुक्रवारी सुट्टी दिसतेय." शुक्रवारी चारजण फिरकलेच नाहीत. परिपत्रकात लिहिलं होतं की त्या शुक्रवारपासून इंग्रजीचे वर्ग सुरू होतील आणि सहा महिन्यांत परीक्षा पास न होणाऱ्याला घरी बसवण्यात येईल.

वर्ग घ्यायला मला बोलावलं. जुन्या दस्तांच्या खोलीत, मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते साडेसहा. चौदाजण. शिपाई मागं बसून पेंगायचा. साहेबांचा कारकून प्रत्येक शब्द उलटा, उजवीकडून वाचून बघायचा. आणि वाचक? वाचकांचा कान असा की मी एकदा म्हटलं ते त्यांच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर यायचं. तीन महिन्यांत ते कायद्याची लांबलचक वाक्यं अशी वाचू लागले की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, कुणी न्यायाधीश बोलतोय. मी खूश. चौदातला एक तरी!

एक दिवस मी म्हटलं, "छान, वाचक. आता या वाक्याचा अर्थ सांगा."

"तो तुम्ही सांगा, बाई."

"मला माहीत आहे. तुम्हाला विचारतेय."

"माझं काम वाचायचं. कळायचं पक्षकाराला."

"आणि त्याला इंग्रजी येत नसलं तर?"

त्यांनी खरंच विचार केला. स्पंजाच्या सवयीनं अंगठा बोटावर घासत बसले. मग म्हणाले, "तर तो विचारेल."

परीक्षेचा नमुना वरून आलेला. वाचकाच्या जागेला वाचनाचे ऐंशी गुण, अर्थाचे वीस. मी त्यांना ऐंशीत अठ्ठ्याहत्तर दिले आणि विसात तीन. एक्क्याऐंशी. कचेरीत पहिले. खाली शेऱ्याला रकाना होता. 'वाचता येते, समजत नाही' असं मी तिथं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'उच्चार उत्तम.'

नवा शिक्का आला. जुन्या शिक्क्यावर 'वाचून दाखवले' एवढंच होतं. नव्यावर इंग्रजीत 'वाचून दाखवले व समजावून सांगितले'. शिक्क्याखाली वाचकांची सही.

पहिल्या दिवशी पहिला पक्षकार एक सुतार होता. वाचकांनी पहिलं इंग्रजी वाक्य वाचलं, थांबले, चष्म्यावरून बघितलं. सुतार म्हणाला, "बरोबर." वाचकांना वाटलं, कळलं असेल. दुसरं वाक्य. बरोबर. सात पानं बरोबर. सही, अंगठा, शिक्का. सुतार जाताना म्हणाला, "आवाज अजून तसाच आहे हं तुमचा."

सुरुवातीचे काही आठवडे ते पूर्णविरामाला जरा जास्त थांबायचे. कुणी तरी नाही म्हणेल, कुणी तरी विचारेल. कुणी विचारलं नाही. लोकांना थांबण्याची खूण माहीत होती आणि खुणेला काय म्हणायचं ते माहीत होतं. मग त्यांनी जास्त थांबणं सोडलं. पाऊण तासाचा दस्त दहा मिनिटांत उरकू लागला. साहेब खूश, वकील त्याहून खूश, दिवाळं निघालं ते फक्त चहावाल्याचं, कारण बाकांवर खोळंबलेले लोकच उरले नाहीत. दोन वर्षांत एकही दस्त परत गेला नाही.

हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, बसच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात. मी विचारलं, "तुम्हाला कसं वाटायचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"पाय दुखायचे," म्हणाले.

वाचकांना एकच बहीण, अक्का. त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, मारलंही. नवरा गेल्यावर ती त्याच्या घरात माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होती. पुढच्या खोलीच्या खिडकीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोप. कुणाच्या पँटी आखूड कर, कुणाचा झगा सैल कर, यावर तिचं चालायचं. उजेड चांगला होता तिथं. खाली धाकटा दीर, त्याची बायको, तीन मुलं.

एक दिवस दीर वर आला. "वहिनी, दादाच्या नावावरचं घर आता कागदोपत्री नीट लावून घेऊ. कागद तयार आहे. तुम्ही वर, आम्ही खाली, आहे तसंच."

"वाचणार कोण?" अक्कानं विचारलं.

"कोण म्हणजे? तुमचाच भाऊ."

"मग काय प्रश्नच नाही."

ठेवणीतले कपडे घालून ती कचेरीत गेली. रांगेतल्या अनोळखी बाईला म्हणाली, "तो खिडकीपाशी उभा आहे ना, तो माझा धाकटा. चौदा वर्षांचा होईस्तोवर त्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती." बाई हसली. अक्काचं नाव पुकारलं. ती डेस्कपुढं उभी राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाला काम करताना बघितलं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. अक्का ठणठणीत आवाजात बरोबर म्हणत होती. एकदा मध्येच म्हणाली.

"थांब," वाचक म्हणाले. "अजून पूर्णविराम यायचाय."

"मग लवकर आण की."

बाकांवर हशा. साहेबांनीही मान वर केली. चौथ्या पानाच्या मध्यावर मात्र अक्का थांबली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत खालच्या आवाजात म्हणाली, "धाकट्या, नीट आहे ना रे सगळं?"

"वाचतोय ना मी," ते म्हणाले.

"बरोबर," अक्का म्हणाली.

आठ महिन्यांनी दुपारी तिनं त्यांना बोलावणं पाठवलं. नोटीस आली होती. वाचक मशीनशेजारच्या स्टुलावर बसायच्या ऐवजी सवयीनं उभे राहिले आणि नोटीस वाचली. उत्तम वाचली. पहिल्या पूर्णविरामाला थांबले. अक्का म्हणाली, "बरोबर." मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे काय म्हणतोय?"

त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचली.

"अरे पण म्हणतोय काय तो?"

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझ्या दारात. नोटीस आणि दस्ताची नक्कल, दोन्ही खाकी पाकिटात. मी चष्मा शोधला, वाचलं, आणि आपल्या भाषेत सांगितलं. अक्कानं तीस दिवसांत दोन्ही खोल्या रिकाम्या करून द्यायच्या. हरकत असेल तर पंधरा दिवसांत, राजभाषेत, लेखी. पंधरातले पाच गेलेले. मग दस्ताचं चौथं पान. त्यात तिनं घरावरचा सगळा हक्क दिराच्या नावे सोडला होता, आणि मागताक्षणी खोल्या सोडायचं कबूल केलं होतं.

"हे मी वाचलंय?"

"शिक्का तुमचा आहे."

"हो. सहीपण माझीच आहे."

त्यांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला, आणि ते कचेरीत गेले. त्या दिवशी नऊ दस्त वाचले. मी नंतर मुद्दाम विचारलं म्हणून आकडा कळला.

संध्याकाळी दिराकडे गेले. दीर काही राक्षस नव्हता. थोरल्या मुलाचं लग्न ठरत होतं, जागा हवी होती. तो म्हणाला, "मला काय विचारता? भर कचेरीत वाचलंत तुम्ही. वहिनी प्रत्येक वाक्याला बरोबर म्हणाल्या. मी काही लपवलं का?"

"नाही," वाचक म्हणाले.

"वर आहे तसंच म्हणालो होतो, तेव्हा होतंच तसं. आता पोराचं बघायला नको?"

वाचक जिना चढून वर गेले. अक्का एका कोटाची शिवण उसवत होती. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. दस्तात काय होतं, नोटिशीत काय आहे, किती दिवस राहिलेत. ती उसवत राहिली. मग म्हणाली, "तू वाचलंस ना हे?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मला कळलं नव्हतं."

अक्कानं दातानं दोरा तोडला. "कळत नव्हतं तर एवढ्या मोठ्यानं कशाला रे वाचायचं?"

ती म्हणाली, "जेवून जा." ते जेवले. जाताना तिनं त्यांच्या शर्टाचं सुटायला आलेलं बटण बघितलं आणि शर्ट अंगातच असताना टाका घालून दिला. 'हलू नकोस' एवढंच म्हणाली.

खोल्या वाचवायला एकच रस्ता होता, आणि तो त्यांना ठाऊक होता. इतकी वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. वाचकानंच लेखी द्यायचं, की मी हा दस्त समजावून सांगितला नाही, मला तो समजला नव्हता, शिक्का खोटा आहे. मग दस्त तिथंच अडकतो, चौकशी लागते, नोटीस लटकते. नोकरी जाते. पेन्शन बहुधा जाते. दोन वर्षांतला हरेक दस्त उकरायला निघतो. हे सगळं त्यांनी शनिवारी माझ्याकडे येऊन मला बोटांवर मोजून दाखवलं, आणि मोजून झाल्यावर पाकिटातून चार पानं काढली. रात्रीतून लिहून आणलेली, आपल्या भाषेत, सुवाच्य अक्षरात. खाली सही.

"हे इंग्रजीत करून द्या, बाई."

"वकिलाकडून का नाही करून घेत?"

"वकिलाकडे दिलं तर दुपारपर्यंत साहेबांच्या टेबलावर. मला ते मुदतीच्या दिवशी स्वतः नेऊन द्यायचंय. मुदत बुधवारपर्यंत आहे."

"विचार केलाय ना?"

"लिहिलंय ना," ते म्हणाले.

"सोमवारी या," मी म्हटलं. "चार पानांना कितीसा वेळ लागतो!"

ते गेल्यावर मी लगेच लिहायला बसले. टेबल पुसलं, शब्दकोश काढला, नव्या कागदाला समास आखला. पहिलं पान तासाभरात झालं. त्यांची वाक्यं सरळ होती, अडायला काही नव्हतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मी स्वतःला भेटले. 'परीक्षा घेणाऱ्या बाईंना माझी अडचण माहीत होती. त्यांनी मला अर्थ विचारला होता व मला तो सांगता आला नव्हता. तरी त्यांनी मला पास केले.' आरोप नव्हता तो. घडलं ते लिहिलं होतं, दस्तात चतुःसीमा लिहितात तसं. मी पेन ठेवलं आणि डाळ भिजत घालायला उठले.

मी आजारी नव्हते. घरात पाहुणे नव्हते, डोळे ठीक होते. त्यांच्या पेन्शनची काळजी वाटली, असं मी मनाशी म्हटलं, आणि थोडी वाटलीही. दोन वर्षांतले शेकडो दस्त उकरले गेले तर गावात किती घरांत भांडणं लागतील, असंही म्हटलं. तेही खरंच होतं. खरी कारणं पुष्कळ सापडतात, शोधायला बसलं की.

सोमवारी ते आले. मी चहा केला आणि म्हटलं, "अजून झालं नाही."

"काही घाई नाही," ते म्हणाले.

घाई होती. मंगळवारी पुन्हा आले, दारातच उभे राहिले. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. बुधवारी आले नाहीत. मी दिवसभर घरी होते.

महिनाअखेरीला अक्का भावाकडे राहायला गेली. मशीन हातगाडीवरून नेलं. त्यांच्या घरी खिडकी भिंतीसमोर उघडते, तेव्हा ती दिवसाही दिवा लावून शिवते. वाचक अजून दस्त वाचतात, लोक बरोबर म्हणतात. एकतीस तारखेला त्यांना शाल-नारळ नव्हे, तर एक भिंतीवरचं घड्याळ मिळणार आहे, असं फोनवर कळलं. अक्काही येणार आहे म्हणे, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय.

त्यांनी ती पानं परत मागितली नाहीत. वाटेत दोनदा भेटले. एकदा म्हणाले, "थंडी वाढली." चौदा महिने झाले. दीड पान इंग्रजीत झालेलं आहे, अडीच राहिलं आहे.